सोड्यावर ओतलेलं पाणी

दिवाळीला घरीच साबण करायचा म्हणून मी मंडईजवळून आणलेल्या कॉस्टिक सोड्यावर तांब्याभर पाणी ओतलं. खरं तर पाण्यात सोडा थोडा थोडा टाकायचा असतो. उलटं केलं की ते उकळून अंगावर उडतं. हे मला खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी आदल्याच दिवशी दोनदा सांगितलं होतं. साबणाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ सगळंच दोनदा सांगतात, आणि दूध आणायलाही बूट घालून जातात. मी सोसायटीत त्यांची नक्कल करत असे.

माझी बोंब ऐकून ते धावत वर आले आणि माझा हात त्यांनी नळाखाली धरला. बायकोने लिंबू आणलं.

"वहिनी, ते सरबताला ठेवा. नुसतं पाणी. नुसतं पाणी."

घड्याळाकडे बघत वीस मिनिटं त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. मग दवाखान्यातही तेच घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, पाण्यानेच हात वाचला.

बँडेज सुटल्यावर मी पेढे घेऊन आभार मानायला गेलो. त्यांनी पेढा घेतला आणि शांतपणे म्हणाले, "आभार राहू द्या. तुमच्यासारख्यांना आम्ही कारखान्यात खोकी चिकटवायला बसवायचो."