कोणत्या कारखान्यावर?

मित्राच्या जीपने सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा धुंडाळायच्या आणि रात्री तंबूत राहायचं, असा आमचा बेत होता. तंबूखाली अंथरायला ताडपत्री हवी म्हणून मी आमच्या शहरातल्या मस्तगड भागातल्या एका दुकानात गेलो. तिथे ऊसतोडीला निघालेली एक बाई ताडपत्री पारखत होती. बाहेर उन्हात उभं राहून तिने ती सरळ डोक्यावर घेतली आणि आतून वर बघत राहिली. कुठल्या भोकातून ऊन येतं का, ते ती शोधत होती. एक परत केली, दुसरी घेतली, पुन्हा तेच.

माझ्या हातात ताडपत्री, दोर आणि पातेलं बघून तिने विचारलं, "कोन्त्या कारखान्यावर चाल्ले, भाऊ?"

"कारखान्यावर नाही, डोंगरात. फिरायला."

"मंग तिथं काम काय हाय?"

"काही नाही. तंबूत झोपायचं, बस्स."

मला वाटलं, ती हसेल. पण घडी गुडघ्याने दाबता दाबता ती थांबली. "बरं हाय," ती म्हणाली, "पहाटं कोनी उठवनार न्हाई."

रोज पहाटे गजर लावून सूर्योदय बघायचं आमचं ठरलं होतं.