घागर कोणाच्या नावाची

रिटायर झाल्यावर माणसाकडे दोनच गोष्टी साठतात, औषधांच्या पट्ट्या आणि किस्से. पट्ट्यांना निदान एक्सपायरी असते. धुळ्याच्या सरकारी ऑफिसातून सुटलेले आम्ही तिघं दर उन्हाळ्यात कुठेतरी जातो आणि पोतंभर किस्से घेऊन येतो. मुंबईचे मात्र मी माणूस बघून सांगतो.

तिघं म्हणजे मी, रावेरचे आबा आणि दोंडाईच्याचे नाना. नानांचा धाकटा भाऊ सुरेश ऐन विशीत मुंबईला बंदरावर कामाला गेला, तो गेलाच. पत्र नाही, फोन नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. सुरेशची भरायला आई कधी तयार झाली नाही. गेल्या पावसाळ्यात आई गेली आणि प्रश्न नानांच्या गळ्यात आला. जिवंत माणसाची घागर भरायची कशी, आणि मेलेल्याला तहानलेलं ठेवायचं कसं?

"मना भाऊ शे का नही, इतलंच माले समजाले पाहिजे," नाना म्हणाले. घरी सांगितलं, समुद्र बघायला चाललो.

*

बंदराजवळच्या लॉजमध्ये मॅनेजरने माझं आधार कार्ड उलटसुलट करून पाहिलं. आबांचं उजेडात धरून पाहिलं. नानांनी पुढे केलं तर म्हणाला, "तुमचं कशाला? तुम्ही कालच दाखवलंय."

काल आम्ही धुळ्यात होतो.

"नाना, आमच्याआधीच येऊन गेले का हो?" आबा म्हणाले.

आम्ही हसलो. अख्ख्या नोकरीत नाना कुठेही वेळेआधी पोचल्याची नोंद नव्हती.

*

आबांचं घर केळीवाल्यांचं. जगातली कुठलीही वस्तू ते केळीने मोजतात. धक्क्यावरचे कंटेनर बघून त्यांनी एकात किती घड मावतील याचा हिशेब मांडला. समुद्राकडे बघून म्हणाले, "एवढं पाणी, अन् एका खोडाच्या कामाचं नाही."

ते बोलत होते तोवर चहावाल्याने आम्हा दोघांना कटिंग दिला आणि नानांपुढे न मागता कोरा चहा ठेवला.

"नेहमीचा," तो म्हणाला.

नाना म्हणजे बासुंदीत वरून साखर घेणारा माणूस. त्या ग्लासाकडे ते बघत राहिले. "आमच्या घरात कोरा चहा एकटा सुरेश प्यायचा," म्हणाले, आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. आबांनी पुढचे दोन तास केळीचं नाव काढलं नाही. हा विक्रम अजून मोडलेला नाही.

*

मग आम्ही लाँचने पलीकडच्या किनाऱ्याला निघालो. तिकीट तपासणाऱ्याने माझं घेतलं, आबांचं घेतलं. नानांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "काका, रोज जाता आणि बसल्या जागेवरून परत येता. आज तरी उतरा."

पलीकडे पोचलो. आम्ही दोघं उतरलो.

नाना उतरले नाहीत. लाँचवर आणखी कोणी बसून राहतं का, ते त्यांना बघायचं होतं.

"कोणी होतं का?" अलीकडच्या धक्क्यावर परत भेटल्यावर मी विचारलं.

"सगळे उतरले. मी एकटाच होतो," नाना म्हणाले.

*

आखाजी आली तरी नाना परत निघायला तयार नव्हते. सकाळी मुलाला फोन करून म्हणाले, "आजीची भर. काकाची भरायला थांब."

आम्ही कोळ्यांच्या धक्क्यावर गेलो. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. एक म्हातारी जाळं शिवत बसली होती आणि तिच्या शेजारी, पाण्याच्या अगदी कडेला, मातीची नवी घागर होती. काठोकाठ भरलेली. तोंडावर लहान बोळकं, त्यावर डांगर म्हणजे आमचं खरबूज, त्यावर सांजोरी आणि आंबा. थेट आमच्या घरातल्यासारखी मांडणी. मुंबईत असं कोणी मांडत नाही.

नाना घागरीपुढे जाऊन उभे राहिले. शेवटी मीच विचारलं, "मावशी, ही कोणी ठेवली?"

तिने वर पाहिलं. माझ्याकडे नाही, नानांकडे.

"अरे, तूच ठेवलीस ना सकाळी? दरवर्षी ठेवतोस. थोरला भाऊ वारला म्हणालास ना, दोंडाईच्याला."

आबांनी माझा दंड घट्ट धरला.

नाना खाली बसले. आंबा, सांजोरी, डांगर आणि बोळकं एकेक करून बाजूला ठेवलं. मग दोन्ही हातांनी घागर उचलून तोंडाला लावली आणि रिकामी होईपर्यंत प्यायले.

"लई तहान लागेल व्हती," ते म्हणाले.