न ओरडणारा साहेब

नव्वदच्या दशकात नागपूरहून बंगळुरूला सॉफ्टवेअरच्या नोकरीला आले, तेव्हा ऑफिस म्हणजे काय ते मला फक्त सिनेमातून ठाऊक होतं. तिथला साहेब फिरत्या खुर्चीत बसतो, फायली नुसत्या आपटायलाच असतात. कोणाला काढायचं झालं, की केबिनची काच थरथरेल असा ओरडतो, "गेट आउट!" काम करताना मात्र कोणी दिसत नाही.

माझी नोकरी कच्ची होती. बाबांनी बजावलं होतं, पक्की झाली तर राहा, नाही तर परत ये, स्थळं पाहू. स्थळं तर मला नकोच होती. म्हणून साहेब दिसला रे दिसला की मी ताडकन उभी! तो बिचारा चपला घालून यायचा, स्वतःचा कप स्वतः विसळायचा. "मला नावानं हाक मार," म्हणायचा. आता हा कसला साहेब? बाप्पा, माझं तर डोकंच चालेना.

एक दिवस तो मला इंदिरानगरातल्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात घेऊन गेला. कुपन त्यानंच काढलं. उभ्याउभ्या कॉफी पीत म्हणाला, "तू फार मेहनती आहेस. आता स्वल्प विश्रांती घे, घरी जाऊन ये. तुला शोभेल असं काम कुठंही मिळेल. मी शब्द टाकीन."

एवढं गोड बोलला म्हणजे पक्कीच केली की! मी संध्याकाळी बाबांना फोन करून सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी मला जागेवर बघून त्याचा चेहरा उतरला. पुन्हा तेच हॉटेल, पुन्हा कॉफी. कपात बघत तो म्हणाला, "काल मी सांगितलं होतं ना... आजपासून यायचं नव्हतं."

मेल्या, मग ओरडायचंस ना! हे मनातल्या मनात. तोंडातून निघालं, "थँक यू, सर." तिथंच रडू फुटलं, आणि तो घाईघाईनं आणखी एक कॉफी घेऊन आला.

एसटीडी बूथवरून बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एकेक करून विचारायला सुरुवात केली.

"साहेब ओरडला काय गं?"

"नाही."

"काही आपटलं?"

"नाही बाबा. कॉफी पाजली."

"मग असं कुठं कोणी काढतं काय, पोरी?" ते म्हणाले. "तुझीच काहीतरी चूक होत असेल समजण्यात. उद्या जा परत."