बोराडीच्या कप्प्यातला दाम

नाण्यांच्या बाबतीत माझ्या व्याह्यांइतका अडाणी माणूस तापीच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही, आणि त्यांच्याकडे आहेत तशी नाणीही तापीच्या दोन्ही काठांवर दुसऱ्या कुणाकडे नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असाव्यात याला मी अन्याय म्हणतो, माझी बायको मत्सर म्हणते. तिचंच बरोबर आहे, पण ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मी जळगावात पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि त्यातली तीस वर्षं तांब्याची जुनी, मोठी, जाड नाणी जमवली. आमच्याकडे त्यांना ढब्बू म्हणतात. चांदीच्या नाण्यांना सगळेच भुलतात, पण तळहातावर ठेवल्यावर हात किंचित खाली जावा असा तांब्याचा गोळा मला लहानपणापासून वेड लावत आला आहे. माझ्याकडे अल्बम आहेत, भिंग आहे, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा आहे. नाण्याला हात लावण्यापूर्वी मी हात धुतो, पुसतो, वर सुती मोजे घालतो. प्रत्येक नाण्याखाली राजवट, टांकसाळ, वजन आणि व्यास बारीक अक्षरात लिहिलेला आहे. एवढं सगळं करून तीस वर्षांत माझ्याकडे जमली सव्वाशे नाणी, आणि त्यातली निम्मी अशी की दुसऱ्या संग्राहकाला दाखवली तर तो "छान, छान" म्हणून चहाकडे बघतो.

व्याही शिरपूरला असतात. एसटीत कंडक्टर होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना जाणाऱ्या गाड्यांवर त्यांचा जन्म गेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बोलताना अजून ते पाय फाकवून, खांदा दाराच्या चौकटीला टेकवून उभे राहतात. घर अचानक ब्रेक मारील अशी त्यांना धास्ती असावी. सारं शिरपूर त्यांना आबा म्हणतं. मी मुलीचा बाप म्हणून आदराने आबासाहेब म्हणतो, आणि दर वेळी ते मागे वळून कोण साहेब आला ते बघतात. या गृहस्थांनी आयुष्यात एकही नाणं विकत घेतलेलं नाही. कुणाच्या नांगराला लागलेलं, कुणाच्या विहिरीच्या गाळात निघालेलं, कुणाच्या आजीच्या गाठोड्यातलं, असं नाणं आपल्या पायांनी चालत त्यांच्याकडे येतं. भर बाजारात एखादा माणूस त्यांना थांबवतो, धोतराच्या कनवटीतून ढब्बू काढतो आणि "आबा, तुम्हनासाठे ठेवेल व्हता" म्हणून हातावर ठेवून चालायला लागतो. मी शेजारी पिशवी धरून उभा असतो. माझ्या हातावर आजवर कुणी चिंचोकाही ठेवलेला नाही.

त्यांची साठवण तर विचारूच नका. पूर्वी कंडक्टरांकडे तिकिटांचे गठ्ठे ठेवायला पत्र्याची कप्प्याकप्प्यांची पेटी असायची. मशीनं आली, पेट्या निकालात निघाल्या, त्यातली एक व्याह्यांकडे राहिली. त्या पेटीत ही नाणी. आणि लावलेली कशी, तर एसटीच्या मार्गाप्रमाणे! एका कप्प्यात पळासनेरच्या गाडीवर मिळालेली, दुसऱ्यात सांगवीची, तिसऱ्यात बोराडीची, आणि चोपड्याच्या कप्प्यात मोगल, मराठे आणि कंपनी सरकार एकमेकांच्या अंगावर पडलेले. "आबासाहेब, नाणी राजवटीप्रमाणे लावतात हो," मी पहिल्याच भेटीत कळवळून म्हणालो. ते म्हणाले, "राजा कोन व्हता माले काय माहीत, गुरुजी? देनारा कोन व्हता ते माहीत शे." नाणं खरं की खोटं हे ते भिंगाने बघत नाहीत, फरशीवर टाकतात आणि कान देऊन ऐकतात. फरशीवर नाणं टण्ण वाजलं की ते प्रसन्न होतात आणि माझ्या छातीत कळ येते. शेजारचं पोर पडून कपाळाला टेंगूळ आलं, की त्याची आई धावत येते आणि हे पेटीतला सगळ्यात जाड ढब्बू काढून टेंगळावर दाबून धरतात. एकदा तो ढब्बू दोन दिवस शेजारीच राहिला होता. त्यांना आठवणसुद्धा नव्हती. मला जळगावात झोप नव्हती.

पण खरा कहर दिवाळीत. दिवाळीच्या आधी घरातले देव, समया, तांब्याचे हंडे घासायला निघतात, त्यांच्यासोबत व्याही सगळी नाणी परातीत ओततात आणि चिंच-मीठ लावून लख्ख घासतात. ज्यांना या छंदाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो : जुन्या तांब्यावर शेकडो वर्षांनी चढलेला जो काळसर हिरवा थर असतो, तो म्हणजे त्या नाण्याची अब्रू. ती घासून काढायची नसते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी लेकीला भेटायला गेलो, तेव्हा मागच्या अंगणात परातीच्या एका बाजूला व्याही आणि दुसऱ्या बाजूला माझी लेक, दोघांचे हात कोपरापर्यंत चिंचेने भरलेले, आणि "आबा, माझा बघा, माझा जास्त चमकला" म्हणून ती खिदळत होती. माझ्या घरात चोवीस वर्षं राहून तिने कधी एका नाण्याचं नाव विचारलं नव्हतं. नाणी घासली जात होती याचं दुःख मला झालंच; पण त्या दिवशी जेवताना शेवभाजीची चव लागली नाही ती नाण्यांमुळे नव्हे.

त्याच भेटीत मी पेटी नीट बघायला मागितली होती. बोराडीच्या कप्प्यात तळाशी, परातीत ओतताना कोपऱ्यात अडकून राहिलेला, म्हणून दर वर्षी चिंचेतून वाचत आलेला, एक दाम होता, मोगलांच्या काळातलं तांब्याचं नाणं. पेढ्यासारखा जाड. काळाभोर. मी खिडकीशी नेऊन तिरका धरला. त्यावर बऱ्हाणपूर टांकसाळीचं पूर्ण नाव होतं. नाण्याचा साचा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे अशा नाण्यांवर नाव सहसा अर्धंच उमटतं. पूर्ण नावाचा बऱ्हाणपुरी दाम मी तीस वर्षं शोधत होतो. बऱ्हाणपूर आमच्या जळगावपासून ते असं कितीसं लांब! आणि तो दाम बसला होता शिरपुरात, तिकिटांच्या पेटीत.

"आवडना का, गुरुजी? ल्या ना मंग," व्याही म्हणाले.

मुलीच्या सासरचं काही घ्यायचं नाही ही आमच्या घरची जुनी रीत. शिवाय हपापलेला दिसायचं नव्हतं. मी म्हणालो, "छे छे, नको."

"आहो ल्या."

"नको, खरंच नको."

"तुम्हले माहिती शे यामातली. ल्या."

"नको हो, तुमच्याकडेच शोभतो," मी हसून म्हणालो. आमच्याकडे तीन वेळा नको म्हटलं की चौथ्या वेळी समोरचा खिशात कोंबतो. व्याही सरळ माणूस. "बरं," म्हणाले आणि दाम कप्प्यात टाकून पेटी बंद केली.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते मीच जाणे. दुसरी दिवाळी जवळ आली तशी मला स्वप्नात चिंच दिसायला लागली. शेवटी लेकीला फोन केला. "बोराडीच्या कप्प्यातला एक काळा दाम आहे, तो तेवढा घासू देऊ नकोस." ती म्हणाली, "पप्पा, तुम्हीच का नाही आबांना सांगत?" मी म्हणालो, ते बरं दिसत नाही. मग मी फराळाचे डबे पोचवायचं निमित्त केलं आणि एसटीत बसलो.

शिरपुरात पोचल्यावर व्याह्यांनी ओसरीवर पेटी उघडली. बोराडीच्या कप्प्यात दाम नव्हता.

"तो ना? तो दी टाका," व्याही आनंदाने म्हणाले. म्हणजे देऊन टाकला. बोराडीच्या पुढच्या पाड्यावर एक म्हातारी होती. व्याही नोकरीत असताना तिची औषधं शिरपुरातून गाडीने नेऊन द्यायचे. नांगराला लागलेला तो दाम तिनेच त्यांना दिला होता. आता तिचं घर नवं बांधलं, उंबऱ्यावर ठोकायला तांब्याचं नाणं हवं होतं, म्हणून यांनी तिचं तिला परत केलं. सुताराने मधोमध भोक पाडून खिळ्याने पक्कं बसवलं.

"भोक पाडून?" मला माझाच आवाज ओळखू येईना. "आबा, किती शतकांचं नाणं होतं ते! काही कळतं का तुम्हाला? अडाणीपणालासुद्धा काही मर्यादा असते!"

आत चुलीपाशी विहीणबाई भाकरी थापताना थांबल्या. लेक पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती उंबऱ्यातच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला चाललं असतं. ती घाबरली होती. या घरात आता तिला कायम राहायचं होतं, आणि तिचा बाप तिच्या सासऱ्याला अडाणी म्हणाला होता. व्याही मग हळूच म्हणाले, "गुरुजी, तुम्हले पाहिजे व्हता?"

मी मान हलवली.

"मंग तीनदाव 'नको' काब्र म्हनात?"

मी पेटीचं झाकण लावलं. व्याही उठले, टोपी घातली. "चाला," म्हणाले, "देखी येऊ. अजून तठेच शे."

बोराडीची गाडी भरलेली होती. आम्ही चढलो तशी मागची एक बाई उठून त्यांना जागा देऊ लागली. तिथे त्यांनी मला बसवलं आणि स्वतः उभे राहिले. सबंध वाटेत माणसं त्यांना हाका मारत होती. कुणाची पोरगी कुठे दिली, कुणाचा बैल विकला, कुणाचं ऑपरेशन झालं, सगळं त्यांना ठाऊक. जळगावात मी पस्तीस वर्षं शिकवलं. बसमध्ये विद्यार्थी भेटले तर मोबाइलमध्ये डोकं घालतात. मला पुन्हा हेवा वाटला, आणि या वेळी त्यात नाण्याचा काही संबंध नव्हता.

पाड्यावरचं घर लहान, निळ्या रंगाचं. उंबऱ्याच्या मधोमध दाम बसवला होता आणि खिळा बरोबर 'बऱ्हाणपूर'च्या पोटातून गेला होता. मी खाली वाकून बघत राहिलो. म्हातारी बाहेर आली. हा कोण माणूस आपल्या उंबऱ्याला नमस्कार करतो आहे, असं तिला वाटलं असावं. व्याह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हाऊ मन्हा याही," ते तिला म्हणाले. "यास्नी पोर मन्हा घर शे. लई गुनी पोर." ओसरीवर काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. म्हातारीने आम्हाला बसवलं, गुळाचा काळा चहा दिला. निघताना मी व्याह्यांना म्हणालो, "आबा, मघाशी मी बोललो ते..." ते म्हणाले, "गाडी चुकी जाई, चाला."

परतीची गाडी रिकामी होती. या वेळी ते माझ्या शेजारी बसले. माझ्या मनात आलं, आता ओसरीवरचा विषय काढतील, आणि काढला तर मला ऐकून घ्यावं लागेल. त्यांनी खिडकीची काच वर सरकवली आणि विचारलं, "गुरुजी, पोर धाकली व्हती तवय काय काय करे?"

मला वजनं आणि व्यास आठवले, राजवटी आठवल्या. बऱ्याच वेळाने एक गोष्ट सापडली. "गाडीत बसली की पाच मिनिटांत झोपायची," मी म्हणालो, "तोंड उघडं टाकून. आणि उतरल्यावर म्हणायची, मी सगळं बघितलं."

व्याही एवढ्या मोठ्याने हसले की ड्रायव्हरने आरशातून बघितलं. "मी बठ्ठं देखं!" त्यांनी मांडीवर हात मारला, पुन्हा एकदा तेच वाक्य स्वतःशी म्हणून बघितलं आणि माझ्याकडे वळले. "आखो?"

शिरपूर यायला अजून अर्धा तास होता. मी बाहेरच्या कापसाच्या शेतांकडे बघत आणखी आठवू लागलो.