धुळीत लावलेलं शून्य

माझे वडील क्रशरवर होते. उमरेडच्या पलीकडं कोळशाची खाण. तिथं धोंड्याएवढा कोळसा क्रशरच्या तोंडात जायचा, मुठीएवढा होऊन पट्ट्यावर पडायचा आणि मधल्या मधे जी भुकटी उडायची ती वडिलांच्या छातीत जायची. सकाळी थुंकले की काळं. घरात त्यावर कोणी बोलत नसे. बोलायची मी एकटी. मी लहानपणापासून तोंडाळ, त्यात बी.एस्सी. झालेली, त्यात नागपूरला सदरमधल्या एका प्रयोगशाळेत नोकरीला. काम काय, तर कारखान्यांमधली धूळ मोजणं. बाप घरी खोकून बेजार आणि मी परक्यांच्या गिरण्यांची धूळ तोलत बसते, या विचारानं माझं डोकं रोज भणभणायचं.

खाणीतली धूळ खाणीचेच लोक मोजत. पंपाला एक गोल पांढरा कागद लावायचा, दिवसभर हवा ओढायची आणि मग तो कागद ऑफिसात नेऊन तराजूवर तोलायचा. कागद काळा ठिक्कर झालेला सगळे बघत. वजन मात्र दरवेळी मर्यादेच्या आत. कुंपणच शेत खातंय म्हटल्यावर दाद मागायची कोणाकडं?

ऐंशी साल उलटल्यावर आमच्या प्रयोगशाळेत दिल्लीहून दोन महिन्यांसाठी एक नवं यंत्र आलं. हवा आत ओढायची, आतल्या उजेडात धूळ किती ते बघायचं आणि समोरच्या काचेत लाल आकडा दाखवायचा. कागद नाही, तराजू नाही, बंद खोलीतलं ऑफिस नाही. रविवारी घरी गेल्यावर मी ते सांगितलं.

वडील जेवता जेवता थांबले. "आकडा आमाले दिसन?"

"सगळ्यायले दिसन, बा. तिथंच, उभ्या उभ्या."

"मग मले तो वाचता आला पायजे," ते म्हणाले.

वडिलांना सहीपुरतं लिहिता यायचं. त्या यंत्रातले आकडे सरळ रेघांचे. मी काडेपेटी उपडी केली आणि काड्या मांडून दाखवल्या. सात काड्यांचा आठ. मधली काढली की शून्य. दोन उभ्या काड्या म्हणजे एक. दोन रविवारांत ते सगळे आकडे शिकले आणि मग विडीच्या सुटीत बाकीच्यांना शिकवायला लागले. क्रशरवरची माणसं, बाया, सगळे जमिनीवर काड्या मांडून बसायचे. मला काय अभिमान वाटला होता म्हणून सांगू.

मग सगळे कामगार काम बंद करून गेटवर बसले. मागणी साधी होती. बाहेरच्यांनी येऊन नव्या यंत्रानं, आमच्या डोळ्यांसमोर धूळ मोजायची. आकडा तीनच्या, म्हणजे कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेच्या, वर गेला, तर क्रशरवर पाण्याचे फवारे लावायचे आणि छाती बिघडलेल्यांना दुसरं काम द्यायचं. त्या बिघडलेल्यांत पहिले माझे वडील. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, क्रशर सुटलं तर हा माणूस जगेल. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. अकरा दिवस काम बंद राहिलं तेव्हा खाणीनं आमच्या प्रयोगशाळेला पत्र लिहिलं, आणि साहेबांनी मला पाठवलं. वडील तिथं आहेत हे मी साहेबांना सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं, आणि माझा दुसऱ्या कोणावर भरवसा नव्हता.

जायच्या आधल्या दिवशी वडिलांनी बजावलं, "तिथं मले बा म्हनू नको. माह्याजवळ उभी राहू नको. लोकं म्हनतीन, पोरीनं बापासाठी आकडा फिरवला. जो येईन तो येऊ दे."

मोजणीसाठी क्रशर सकाळपासून चालू ठेवलं होतं. यंत्र जीपमधून हादरे खात आलेलं. क्रशरच्या पायथ्याशी स्टुलावर ठेवलं, सुरू केलं आणि बटण फिरवून आकडा शून्यावर आणला. माझे हात तराजूवर तयार झालेले. तराजूचा नियम असा, की तो प्रवास करून आला की नव्या जागी पोचल्या पोचल्या तिथंच शून्यावर आणायचा. सहा वर्षं साहेबांनी हेच घोकून घेतलं होतं. मग यंत्र वर, वडील जिथं उभे राहत तिथं नेलं. माणसं भोवती गोळा झाली. काचेत लाल आकडा स्थिर झाला आणि तो मी वाचलाच नाही, त्यांनीच वाचला.

"एक. टिंब. चार."

वडिलांनी पुन्हा एकदा वाकून बघितलं आणि मान हलवली. मी कागदावर तोच आकडा लिहिला. मला रडू येत होतं, पण परक्या माणसासमोर रडावं तसं मी ते दाबलं.

तिसऱ्या दिवशी सदरच्या प्रयोगशाळेत, दिल्लीला परत पाठवायचं म्हणून मी यंत्र पुसायला घेतलं. खोली बंद, पंखा बंद. सहज सुरू करून बघितलं. काचेत आधी एक आडवी रेघ आली, मग आकडा. उणे दोन पूर्णांक सहा. मला वाटलं बिघडलं. बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा उणे. मग मी पुस्तक उघडलं. यंत्राच्या पुस्तकात पहिल्याच पानावर होतं, शून्य स्वच्छ हवेत लावा. मी ते वाचलं होतं. वाचून, धुळीत उभं राहून, त्या धुळीलाच शून्य ठरवलं होतं. वर दिसलेले एक पूर्णांक चार आणि त्या शून्यानं गिळलेले दोन पूर्णांक सहा. चार. पहिलीतलं पोर करील अशी बेरीज.

मी साहेबांकडं गेले. सगळं सांगितलं, वडिलांचंही. एका दिवसासाठी यंत्र द्या म्हणून हात जोडले. मी कोणापुढं हात जोडणारी नव्हे.

साहेब म्हणाले, "अहवाल गेला. यंत्र आज निघतंय. आणि तुमचे वडील तिथं आहेत हे आज सांगताय? आता तुम्ही आकडा बदला म्हटलं तर लोक काय समजतील, तुम्हीच सांगा."

तशीच उठून एसटीनं गेले. गेटवर पोचले तेव्हा माणसं कामावर चालली होती. संप वडिलांनीच उठवला होता. "आपल्या डोयानं वाचला. आता बसनं बेइमानी होईन," असं म्हणून ते पहिले उठले होते. मी गेटमधेच उभी राहिले आणि ओरडून सांगितलं की आकडा चुकला, चूक माझी, खरा आकडा चार आहे. वडिलांची काडेपेटी घेतली आणि जमिनीवर एक आडवी काडी मांडली, तिच्यापुढं दोन आणि सहा. सगळे वाकून बघत होते.

वडिलांनी त्या आडव्या काडीवर बोट ठेवलं.

"ही काडी तू शिकवली नव्हती," ते म्हणाले.

खरंच नव्हती शिकवली. धूळ मोजायच्या यंत्रात उणे कशाला येईल, म्हणून नव्हती शिकवली.

"एवढे आकडे शिकवले, मग हे आजच काहून वं माय?" त्यांनी काड्या एकेक करून गोळा केल्या. "माह्यासाठी आकडा नको फिरवू. जाय घरी." आणि डोक्याला फडकं गुंडाळून ते आत गेले. बाकीचे त्यांच्या मागोमाग गेले. मी अर्ज केले, पुन्हा पुन्हा केले. यंत्र परत आलं नाही.

ते आणखी तीन वर्षं क्रशरवर होते. शेवटी नागपूरच्या दवाखान्यात त्यांना दर दोन शब्दांमागं श्वास घ्यावा लागायचा. एका दुपारी त्यांनी माझा हात धरला आणि तसंच अडत अडत म्हणाले, "त्या रोजी गेटवर तू खोटं बोलली. पन बापासाठी बोलली. मी तुले कवाचं माफ केलं."

मी एवढी तोंडाळ बाई. मी म्हटलं, "हो, बा."