आषाढात सुटलेला मचवा

खाडीकाठच्या भाट्यात साबेराइतकं फटकळ तोंड दुसऱ्या कुणाचं नाही, असं सगळे म्हणायचे. पण ज्या बाईला वीस-बावीस वर्षं गावानं ‘टाकलेली’ म्हणून ओळखलं, तिच्या तोंडातून मध गळावा अशी अपेक्षा तरी का ठेवायची? माडाच्या झावळ्या भिजवून, त्यांची झापं विणून ती पोट भरत होती. कुणाच्या दारात उभी राहिली नाही. गावाला तेच खुपत असावं. टाकलेल्या बाईनं जरा वाकून चालावं, तर ही आपली ताठ.

तिचा नवरा हमीद हा कासमशेठच्या मचव्यावर खलाशी. एका आषाढात तो नाहीसा झाला, आणि त्याच्याबरोबर शेठचा मचवाही. दुसऱ्याच दिवशी शेठनं गावभर सांगितलं, हमीदनं मचवा चोरला, गुजरातेत विकला असणार आणि आता आफ्रिका गाठणार. शेठ बोलला म्हणजे झालंच. पुढे कुणाच्या तरी मेहुण्यानं हमीदला मोंबासात पाहिलं. मग त्याला तिथे दुसरी बायको मिळाली, मग दुकान निघालं, मग तीन मुलं झाली. गावानं घरबसल्या हमीदचा संसार असा थाटून दिला. इथे साबेराच्या मांडीवर रझिया होती, अजून दातही न आलेली.

रझिया मोठी झाली. देखणी, कामसू. पण पळपुट्या चोराची पोर कोण करून घेणार? सावर्ड्याच्या एका बिजवराला द्यावी लागली. लग्नाच्या दिवशी कासारीण बांगड्या भरायला बसली तेव्हा साबेराचा हात हातात घेऊन म्हणाली, “तुला हिरव्याच भरू ना गो? तुझा घोव हाय ना तिकडं?” बाया फिदीफिदी हसल्या. साबेरानं हिरव्याच भरून घेतल्या. नवरा मेलेला नाही म्हणून उतरवता येत नाहीत, आणि आहे म्हणावं तर कुठे आहे? हातातल्या काचेचा असा जाच दुसऱ्या कुणा बाईला झाला नसेल.

जैनुद्दीन तांडेल म्हणजे गावची करमणूक. तो एके काळी कासमशेठच्या त्याच मचव्याचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या होता. पुढे बसरा, एडन, झांजिबार करून म्हातारपणी घरी परतला आणि ओट्यावर बसून गोष्टी सांगू लागला. झांजिबारच्या सुलतानानं त्याला शेजारी बसवून जेवू घातलं होतं. देवमाशानं त्याचं गलबत पाठीवर घेऊन किनाऱ्याला लावलं होतं. एडनच्या तुरुंगाची भिंत त्यानं चमच्यानं पोखरली होती. सगळ्यांना ठाऊक होतं की म्हातारा पुड्या सोडतो, आणि सगळे ऐकायला बसायचे. साबेराही बसायची. ईदला त्याला शिरखुर्मा पाठवायची. एकटा जीव, आणि हमीदचा जुना सोबती.

काशीराम गुरुजींना या आठवणींचं पुस्तक करायची कल्पना सुचली. गुरुजी मूळचे देवरूखकडचे, हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. उभी हयात दुसऱ्यांची पुस्तकं शिकवण्यात गेली होती, आपलं नाव एकदा तरी छापील बघावं ही त्यांची इच्छा. १९८३ च्या हिवाळ्यात ते रोज संध्याकाळी खाडी ओलांडून यायचे, म्हातारा सांगायचा आणि ते उतरवून घ्यायचे.

देवमासा झाला, सुलतान झाला. आणि एका संध्याकाळी जैनुद्दीननं भिंतीकडे तोंड केलं नि हमीदची गोष्ट सांगितली.

त्या आषाढात चार दिवसांची उघडीप पडली होती. कासमशेठनं जयगडच्या व्यापाऱ्याला लाकडं द्यायचा शब्द दिला होता. बाकीचे खलाशी पावसाळ्याचे आपापल्या गावी गेलेले. शेठ म्हणाला, दोघं तर दोघं, घेऊन जा. हमीद नको म्हणत होता. जैनुद्दीननं त्याला भित्रा म्हणून चिडवलं. पहाटेच्या अंधारात मचवा खाडीच्या तोंडाशीच उलटला आणि ओहोटीनं बाहेर ओढून नेला. दोघांच्या हाताला एकच वल्हं लागलं. ते दोघांना पेलेना, तेव्हा जैनुद्दीननं हमीदची बोटं सोडवली. शेठला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, तू तोंड उघडलंस तर खुनी ठरशील, मी उघडलं तर माझं नाव जाईल. त्यापेक्षा पळाला म्हणू.

“मी जिवंत हाय तवर तिला सांगू नका,” म्हातारा म्हणाला. पंधरवड्यात तो मेला.

गुरुजींनी शब्द पाळला. दफन झाल्यावर ते साबेराकडे आले आणि सगळं सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. साबेरा विणता विणता थांबली.

“हाक मारलान काय त्यानं?” तिनं विचारलं. “बुडताना?”

“नाही म्हणाला. नुसता बघत राहिला म्हणाला.”

साबेरानं हातातलं झाप बाजूला ठेवलं. मग रडली ती नवऱ्यासाठी की पाठवलेल्या शिरखुर्म्यासाठी, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. हमीद गेला त्या वर्षी शेठनं मचवा पावसाळ्यापुरता शाकारायला तिच्याकडेच झापं सांगितली होती आणि मग निरोप धाडला होता, अजून आणू नको. ती झापं पडवीत कुजून गेली. घाई नाही म्हणून असेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं; मचवा पाण्यात घालायचा होता, हे आता कळलं.

दुसऱ्या दिवशी ती जमातीच्या वडीलधाऱ्यांकडे गेली. तिचं मागणं एकच होतं. जुम्म्याच्या नमाजेनंतर हमीदची गायबाना नमाज पढावी. मय्यत समोर नसली तरी जनाज्याची नमाज होते, पूर्वी समुद्रात गेलेल्यांची झालेलीही होती. मग ती इद्दतीला, विधवेच्या सुतकाला बसेल, बांगड्या उतरवेल आणि विधवा म्हणून उजळ माथ्यानं मरेल. वडीलधाऱ्यांनी दाढीवरून हात फिरवला. जैनुद्दीनच्या बोलण्यावर जिवंत माणसाचा जनाजा पढायचा म्हणजे? गुरुजी शहाणे आहेत, पुस्तक पारखून छापणार आहेत. त्यांनी हे खरं म्हणून छापलं, की बघू.

साबेराला ते पटलं. तिनं वीस वर्षं वाट पाहिली होती, पुस्तक निघेपर्यंतचे चार महिने काय जड होते?

पुस्तकाचा खर्च करणार होते इक्बालशेठ. आता हयात नसलेल्या कासमशेठचे चिरंजीव, आखातात गब्बर झालेले, गावच्या प्रत्येक सत्कारात हार घालायला किंवा घालून घ्यायला पुढे. त्यांनी हस्तलिखित वाचलं आणि गुरुजींना चहाला बोलावलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “गुरुजी, तुम्ही इतिहासाचे माणूस. कुठलं प्रकरण विश्वासार्ह, कुठलं नाही, ते तुम्हीच ठरवा. मुखपृष्ठावर संपादक म्हणून तुमचं नाव मोठ्या टायपात घालू.” सापही मेला आणि काठीही शाबूत.

गुरुजींनी ठरवलं. इक्बालशेठना दिलेल्या अहवालात त्यांनी लिहिलं की पावसाळ्यात या किनाऱ्यावरचे मचवे ओढून शाकारून ठेवलेले असतात, आषाढात कुणी मचवा समुद्रात घालत नाही, सबब हे प्रकरण अविश्वसनीय आहे आणि ते गाळावं. सुलतान आणि देवमासा यांबद्दल लिहिलं की त्या काळच्या खलाशांच्या कल्पनाविश्वाचं दर्शन म्हणून ते ठेवावेत.

साबेराला हे कळलं तशी ती खाडी ओलांडून थेट गुरुजींच्या अंगणात जाऊन उभी राहिली. गुरुजींची बायको बाहेर आली, तिलाही ती “बस” म्हणू देईना.

“आषाढात मचवा सुटत नाय, असा लिवलात?”

“बाई, तो सर्वसाधारण नियम...”

“मग माझा घोव पळाला तवा आषाढ नव्हता काय? चोरायला मचवा सुटतो, नि शेठनं धाडायला सुटत नाय? गावानं ता खरा मानला, तवा कोण आला नाय नियम घेऊन!”

गुरुजी पडवीच्या पायरीवरच उभे होते. त्यांच्या मागे भिंतीवर दिलेल्या-घेतलेल्या निरोप समारंभांचे फोटो होते.

“तुमी ऐकलात ना त्याच्या तोंडून? मला नुसता एवढा सांगा. खोटा वाटला तुमाला?”

“नाही,” गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले. “बाकी सगळ्या गोष्टींत तो शूर आहे. या एकाच गोष्टीत तो भेकड आहे. थाप मारणारा माणूस स्वतःच्या तोंडाला काळं फासायला थाप मारत नाही. इतिहास शिकवताना मी मुलांना हेच सांगायचो.”

“मग लिवा तसा!”

“आता छापायला गेलं, बाई. आणि पुरावा लागतो. तुम्हाला समजायचं नाही.”

तिला सगळं समजलं होतं. समजून घ्यायचं नव्हतं ते गुरुजींना, आणि ते न समजणं त्यांनी मोठ्या कष्टानं साधलं होतं. साबेरा म्हणाली, “पोरांना शिकवलात ता पोरांकडनं तरी परत शिका,” आणि चालू पडली.

पुस्तक थाटात निघालं. शाळेच्या मैदानावर मांडव घातला. इक्बालशेठ बोलले, गुरुजी बोलले, देवमाशाच्या प्रकरणाचं वाचन झालं आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. मुखपृष्ठावर मोठ्या टायपात गुरुजींचं नाव होतं. वडीलधाऱ्यांनी साबेराला सांगितलं, पुस्तकात काही नाही गो बाय, मग आम्ही कशाच्या आधारावर पढायचं? त्यांचंही चुकलं नाही. कुणाचंच चुकलं नाही. या गावात चूक करायला फक्त बुडालेला माणूस उरला होता.

साबेरानं पुढे तो विषय काढला नाही. कुणी काढला तर मात्र असं काही तोडून बोलायची की माणूस पुन्हा त्या वाटेनं जायचा नाही. झापं विणणं चालू होतं. हातात हिरव्या बांगड्या होत्या, फुटल्या की पुन्हा भरायची.

दोन-तीन वर्षांनी तिला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर वाचा गेली. डोळे तेवढे पूर्वीसारखे, समोरच्याला सोलून काढणारे. रझिया सावर्ड्याहून येऊन राहिली. शेजारची गंगा सकाळ-संध्याकाळ पेज घेऊन यायची. गंगा मनानं साधी, गाव म्हणेल ते खरं मानणारी, साबेराच्या शिव्या खाऊनही तिच्यावर जीव लावलेली.

एका दुपारी काशीराम गुरुजी भेटायला आले. सोबत चार मोसंबी होती. खाटेपासून जरा लांबच, दाराजवळ बसले. रझिया पाणी आणायला आत गेली. साबेरानं त्यांच्यावर नजर लावली ती काढली नाही. गुरुजी छपराकडे बघत हवापाण्याचं काहीतरी बोलले.

गंगेनं पदरानं डोळे पुसले. “गुरुजी, एक काम करा वो. हिचा काय भरवसा नाय आता. तुमी शिकलेले, तिकडचा पत्ता कुणाकडनं तरी काढा, नि आफ्रिकेत हमीदला एक पत्र लिवा. कसाही असला तरी घोव हाय. शेवटचा तोंड बघूक येयल तरी.”

साबेराच्या घशातून एक आवाज आला. डावा हात चादरीवरून उचलला गेला, बांगड्या वाजल्या आणि तो तसाच गुरुजींच्या दिशेनं राहिला. गंगेला वाटलं, तिला हे हवंच आहे. ती तो हात कुरवाळत म्हणाली, “बघा, कशी आस लागलीय तिला.”

गुरुजींनी साबेराकडे पाहिलं. मग टोपी सारखी करत ते उठले.

“लिहितो,” ते म्हणाले.