टीव्हीवाले खोटं बोलतात

नीलाताई कशाला घाबरत नाहीत ते विचारा, यादी लवकर संपेल. कुकरची शिट्टी अडकली की त्या स्वयंपाकघराबाहेर. फोन अवेळी वाजला की आधी खुर्ची शोधणार, मग फोन उचलणार. चिंचवडच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, जगाच्या सगळ्या सीमा फळ्यावर खडूने काढल्या, पण स्वतःला लोणावळ्याच्या पुढे जायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढून घरी राहायच्या. आणि देवाची थट्टा बघा, अशा बाईच्या पोटी अवधूत जन्माला आला. बारावीनंतर म्हणाला, "आई, मी सैन्यात जाणार." नवरा तोवर गेला होता, म्हणजे "अहो, तुम्ही तरी सांगा त्याला" म्हणायचीही सोय नव्हती. नीलाताईंनी भरपूर रडून घेतलं आणि हो म्हणून टाकलं. पोराला अडवायलासुद्धा धीर लागतो, आणि तो त्यांच्याकडे नव्हता.

आता अवधूत कॅप्टन होता आणि लडाखमध्ये होता. नीलाताई मात्र ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या मॉसन लेक्स भागात, लेकीकडे. सुखदा इथल्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, शिकायला आली, पीआर म्हणजे कायमची रहिवासी झाली, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली आणि लग्न केलं ते रसेल नावाच्या अमेरिकनाशी. तो त्याच युनीत इंजिनिअरिंग शिकवतो. बाळंतपणासाठी नीलाताई फेब्रुवारीत आल्या. एअरपोर्टवरच्या बाईने डिंकाचे लाडू कचऱ्यात टाकले तेव्हा चकार शब्द बोलल्या नाहीत, आपल्याला आत घेताहेत हेच खूप. नातू झाला, वेद. त्याला बघायला रसेलचे वडील हार्लन नेब्रास्काहून आले. आणि मागोमाग करोना आला. नीलाताईंची विमानं बंद झाली, आणि हार्लनसाहेबांची छाती नाजूक म्हणून रसेलने त्यांना सोडलं नाही. झालं, विहीण आणि व्याही एकाच छपराखाली अडकले.

आपल्याकडे व्याही म्हणजे कसा, यावा, मान घ्यावा, गोडधोड खावं आणि दुधावरची साय तोंडात विरायच्या आत निघावं. हे व्याही सकाळ-संध्याकाळ समोर. सत्तरीचा धिप्पाड माणूस, आवाज असा की बाळ दचकावं. तरुणपणी व्हिएतनाममध्ये लढून आलेले. अजूनही पहाटे उठून दाढी करून अंथरूण असं ताणून घालायचे की त्यावर बसायची चोरी. विचारांनी पक्के जुन्या वळणाचे, आणि ते विचार पोटात ठेवायचे ही रीत त्यांना ठाऊकच नव्हती.

"युद्ध शक्यतो करू नये, मॅम," टोस्टला लोणी लावता लावता ते म्हणायचे. "पण केलंत तर अर्धवट करू नका. आणि जो सही करतो त्याचा मुलगा पहिल्या रांगेत हवा."

हे नीलाताईंना पटायचं. मग ते म्हणायचे, प्रत्येक पोराने दोन वर्षं गणवेश घातलाच पाहिजे, मग बघा कसा ताठ होतो. यावर नीलाताई मनात म्हणायच्या, तो होतो ताठ, त्याच्या आईची पाठ वाकते त्याचं काय. पण तोंडाने नुसतं "येस, येस." व्याह्याशी वाद घालायची आपली पद्धत नाही आणि त्यांच्यात तेवढं इंग्रजीही नव्हतं.

आणि गाडी शेवटी यायची ती टीव्हीवाल्यांवर. "आधी बाजू ठरवतात, मग बातमी शोधायला निघतात. आमच्या पोरांनी इराकमध्ये शाळा बांधल्या, पाण्याचे नळ घातले, दाखवलं कुणी? शवपेट्या दाखवल्या. एसीत बसून सैनिकांच्या जिवावर पोट भरणारे लोक. खोटं बोलतात, मॅम. खोटं बोलतात." करोनाच्या आकड्यांनाही ते खोटंच म्हणायचे, मात्र हात कोपरापर्यंत धुवायचे. नीलाताई फोनवर मराठी चॅनेल लावून बसलेल्या दिसल्या की कळवळून म्हणायचे, "बंद करा ते. तुमचा मुलगा त्या डबीत नाहीये."

पण एक सांगायला हवं. अवधूतचा व्हिडिओ कॉल आला की हा माणूस उठून उभा राहायचा. "कॅप्टन," म्हणायचा, आणि अवधूत तिकडून "सर." तेवढ्यासाठी नीलाताईंनी त्यांची सगळी भाषणं माफ केली होती.

हार्लनसाहेबांचा थोरला मुलगा डीन इराकच्या युद्धात मारला गेला, एवढं सुखदाने लग्नाच्या वेळी एका वाक्यात सांगितलं होतं. पुढे कुणी विषय काढला नाही. नीलाताईंनीही विचारलं नाही. विचारलं तर ती गोष्ट आपल्या घरात शिरेल, अशी त्यांना धास्ती.

जूनमध्ये सीमेवर चकमक झाली आणि अवधूतचा फोन लागेनासा झाला. नीलाताईंचा जीव टांगणीला लागला. चॅनेलवर नकाशे, रणगाडे, लाल अक्षरं, आणि सूत्रसंचालक असा ओरडतोय जणू लढाई त्याच्याच टेबलावर चाललीय. आता नावं येणार, आता येणार. नीलाताई बाळाला न्हाऊ घालताना एक डोळा फोनवर ठेवायच्या. घास गिळवेना. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते उगीच नाही. झोपेत त्यांना अवधूतचे पाय दिसायचे, फक्त पाय, लहानपणीचे.

अशातच एक दिवस, आर्वो, म्हणजे इथल्या भाषेत दुपार, उतरणीला लागलेली, घरात त्या आणि वेद. सुखदा लॅबमध्ये, रसेल युनीत. हार्लनसाहेब मागच्या अंगणात लिंबं तोडत होते. फोन वाजला, घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा. पाठवलं होतं दत्ताभावजींनी. दत्तात्रय म्हणजे नीलाताईंचा धाकटा दीर, मनाने वाईट नाही, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. रोज सकाळी सुविचार, आणि कुणी गेलं की सगळ्यांत आधी बॅनर यांचा.

बॅनरवर अवधूत होता. गणवेशातला, पासिंग आउट परेडचा फोटो. दोन्ही बाजूंना समया, खाली कमळं आणि अक्षरं, भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली चॅनेलच्या पडद्याचा फोटो, तोच चेहरा, तेच नाव. आणि त्याखाली भराभर जोडलेले हात, एकामागून एक. त्याची आईसुद्धा याच ग्रुपमध्ये आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बाळ रडायला लागलं, ते नीलाताईंना ऐकू येत होतं, पण त्याला उचलायचं असतं हे आठवेना.

हार्लनसाहेब लिंबं घेऊन आत आले. त्यांनी आधी बाळाला उचललं, मग नीलाताईंचा चेहरा बघितला आणि त्यांच्या हातातला फोन घेतला. मराठीचं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. समया त्यांना कळल्या.

"आर्मीने फोन केला तुम्हाला?"

"नाही."

"घरी कुणी आलं? तिकडे, पुण्यात?"

"घराला कुलूप आहे," नीलाताई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांचं धाबं दणाणलं. कळवायला माणसं आली असतील तर कुलूप बघून परत गेली असतील. त्यांनी शेजारच्या मेधाला फोन लावला. मेधाने अजून काही बघितलं नव्हतं, ती सहज म्हणाली, "हो अगं, सकाळी गणवेशातले दोघं आले होते तुझ्याकडे. बेल वाजवली आणि गेले. का गं?"

नीलाताईंनी फोन ठेवला आणि व्याह्यांना सांगितलं. त्या माणसाचा चेहरा खर्रकन उतरला, तो त्यांनी बघितला, आणि तिथे त्यांची उरलीसुरली आशा गेली. अवधूतचा फोन बंद. सुखदाचा फोन लॅबच्या लॉकरमध्ये. भावजींना लावला तर ते रडत म्हणाले, "वहिनी, आम्ही सगळे आहोत तुमच्या पाठीशी." "पण सांगितलं कुणी तुम्हाला?" "टीव्हीवर आहे ना."

हार्लनसाहेबांनी खुर्ची ओढून त्यांच्या समोर मांडली. बाळ एका हातावर. दुसऱ्या हाताने फोन पालथा घातला.

"माझ्याकडे बघा, मॅम. टीव्हीवाले खोटं बोलतात."

महिनोन्महिने हे वाक्य ऐकून नीलाताईंचे कान किटले होते. आज त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं.

"परत सांगा."

"खोटं बोलतात."

"परत."

ते परत म्हणाले. नीलाताईंना देवाचं नाव आठवत नव्हतं, कुठलाच श्लोक आठवत नव्हता, हा एक माणूस आणि त्याचं हे एक वाक्य तेवढं होतं. वाक्य थांबलं की दोन गणवेश बंद दारासमोर उभे दिसायचे. म्हणून त्या थांबूच देईनात. बाळ व्याह्यांच्या हातावर झोपून गेलं. चहाचं आधण आटून भांडं करपलं, हार्लनसाहेबांनी उठून गॅस बंद केला, आणि तिथूनसुद्धा म्हणाले, खोटं बोलतात.

मग फोन वाजला. अनोळखी नंबर. नीलाताईंना तो उचलवेना. हार्लनसाहेबांनी उचलला आणि त्यांच्या कानाला लावला.

"आई, मी अवधूत."

त्यांना रडता पण येईना.

"आई, ऐक, वेळ नाहीये. मी बरा आहे. फोटो आणि नाव मूर्खांनी माझं लावलंय. गेला तो दुसरा."

"कोण रे?"

"माझा मित्र होता," अवधूत म्हणाला. आणि फोन कटला.

कुणाची तरी आई या क्षणी अजून काहीच माहीत नसलेली कुठेतरी बसली असेल, हे नीलाताईंना कळत होतं. पण माझा नाही, माझा नाही, एवढंच आतून उसळत होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली, आणि तरी ते थांबेना. मेधाचाही फोन आला, की ते दोघं पोलीस होते, परदेशातून कोण कोण परतलंय ते बघत सोसायटीत फिरत होते. नीलाताई आता हसत होत्या, डोळ्यांतून धारा लागलेल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी व्याह्यांचा हात धरला.

"तुमचं खरं झालं. खोटंच बोलत होते. तुम्ही म्हणत होता तस्संच."

"छान," हार्लनसाहेब म्हणाले. "छान झालं, मॅम." त्यांनी बाळ नीलाताईंच्या हातात दिलं आणि गॅरेजच्या दाराने बाहेर गेले. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. गाडी मात्र सुरू झाली नाही.

बराच वेळ झाला तसं नीलाताईंना पुन्हा भीती वाटायला लागली. ही भीती वेगळी होती. त्या बाळाला घेऊन गॅरेजमध्ये गेल्या. व्याही स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते. एरवी त्या उलट्या पावली परतल्या असत्या. आज दार उघडून शेजारी बसल्या.

"डीनच्या वेळी आमच्याकडेही टीव्हीवाल्यांचाच फोन आधी आला," ते भिंतीकडे बघतच म्हणाले. "गावच्या चॅनेलची कुणी मुलगी होती. तुम्हाला कसं वाटतंय, विचारत होती. मी फोन आपटला. लॉरेन, माझी बायको, ब्रेडचं पीठ मळत होती. म्हणाली, कोण होतं? मी म्हटलं, टीव्हीवाले. खोटं बोलतात."

नीलाताईंनी बाळाला घट्ट धरलं.

"तिने विश्वास ठेवला. मी म्हटलं म्हणून. ब्रेड भाजला, दोघांनी जेवून घेतलं. संध्याकाळी ड्राइव्हवेमध्ये आर्मीची गाडी थांबली. ती दार उघडायला गेली ती हसतच, तिला वाटलं चर्चमधलं कुणी आलं."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी कचऱ्याचा डबा ओढत नेत होतं.

"इतकी वर्षं मी सांगतोय, ते खोटं बोलतात. आज बोलले." त्यांनी मान वळवून नीलाताईंकडे बघितलं. "मला आनंद आहे, मॅम. देवाशप्पथ आहे. थोडा वेळ फक्त इथे बसू द्या."

नीलाताई उतरल्या नाहीत. पुढचा प्रश्न विचारायला त्यांना अवधूतला सैन्यात जाण्यापासून अडवायला लागला असता तेवढा धीर गोळा करावा लागला.

"लॉरेन तुम्हाला काही बोलल्या का त्यावर? नंतर कधी?"

"शब्दही नाही. मरेपर्यंत नाही." त्यांनी स्टीअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "पण त्यानंतर मी काहीही सांगितलं, बाहेर ऊन पडलंय म्हटलं तरी, ती आधी उठून दारापाशी जाऊन बघायची."